तबकडीतलं आवतण

इरफान साउंडवाला समोरच्याशी बोलताना तोंडाकडे बघत नाही, कानाकडे बघतो. नवा माणूस बिचकतो. नंदुरबारात बाजारपेठेमागच्या गल्लीत तो राहतो, वय चौतीस. आधी त्याचं मोबाईलचं खोकं होतं. लोक मेमरी कार्ड आणून द्यायचे आणि तो गाणी भरून द्यायचा. सातपुड्यातनं बाजाराला उतरलेल्यांना त्यांची, नदीकाठच्या पाटलांना त्यांची, मोहल्ल्यात कव्वाली. कुणाला काय आवडतं हे त्याला माणसाच्या चपलांवरनं कळायचं. पुढे त्याने लॅपटॉप घेतला, कंट्रोलर घेतला, टेम्पोवर आठ टॉप आणि चार बेस असे स्पीकर चढवले. रनाळ्यापासून शहाद्यापर्यंत लग्न कुठलंही असो, इरफानचा टेम्पो दारात असायचाच.

तरी त्याच्या जिवाला एक कुसळ होतं. त्याला कुणी वाजवणारा म्हणत नव्हतं. तापीकाठच्या गावांत वाजवणाऱ्याला बसायला पाट मिळतो, कपाळाला हळद लागते, त्याचा चहा नवरदेवाच्या मामाच्या आधी निघतो. हा मान जब्बारचाचाचा. चाचा चौऱ्याहत्तर वर्षांचे, रेकॉर्डवाले. दोन भोंगे, एक बॅटरी, लाकडी पेटीतली फिरती थाळी आणि गोणपाटात गुंडाळलेल्या काळ्या तबकड्या, एवढाच त्यांचा संसार. हळदीचं पहिलं गाणं चाचांच्या सुईचं. ते झाल्यावर इरफानने हवं तेवढं दणकवावं, कोण अडवतंय.

"चाचा, माले बी एकदा पहिलं वाजाडू द्या ना," इरफान दर लग्नसराईत म्हणायचा. दोघांच्या घरात हिंदी, पण मांडवात बोलणं अहिराणीच.

"तू वाजाडस का?" चाचा विचारायचे. "वाजाडनं अलग ऱ्हास भो, लावी देनं अलग. तू बटन दाबस नि चहा पिवाले जास. मी सुई सोडीसन चहा पिऊ, ते गाव माले मारी टाकी."

सगळे हसायचे. इरफानही हसायचा. घरी येऊन मात्र जेवायचा नाही.

चाचा गाव मारून टाकील म्हणायचे ते आमोदखेड्याबद्दल. तापीकाठचं हे गुजर पाटलांचं गाव, केळी आणि कापसाचं. या गावाकडे जगात दुसऱ्या कुणाकडे नाही अशी एक तबकडी आहे. साठ-बासष्ट वर्षांपूर्वी चुनीलाल पाटलांचे वडील कापसाच्या कामाने मुंबईला निघाले, तेव्हा गावातल्या सात बायांना सोबत घेऊन गेले. बायांना समुद्र बघायचा होता. पाटलांची हौस वेगळी होती. एका ध्वनिमुद्रणवाल्याकडे नेऊन त्यांनी बायांकडून हळदीचं आवतण गाऊन घेतलं. लग्नाच्या आधी घरातल्या गेलेल्या माणसांना नावानिशी मांडवात बोलवायचं, ते आवतण.

*तापीना पल्याडथून या वो माय,*
*मांडवनी सावली गार शे माय.*

तिथवर ठीक होतं. पण समुद्राचा वारा डोक्यात गेलेला. पूर्वजांची नावं संपली तरी बाया थांबल्या नाहीत. एकेकीने स्वतःचंच नाव गायलं. आम्ही मेल्यावर आम्हालाही बोलवा, अशी थट्टा. सात बाया, सात नावं. आणि प्रत्येक नावापुढे एक श्वासभर थांबल्या, बोलावलेलं माणूस येऊन बसायला जागा लागते तेवढं.

तबकडी गावात आली आणि म्हातारी माणसं विचारू लागली. जित्या माणसाला मेलेल्यांच्या पंगतीचं आवतण कसं द्यायचं? ते दिलं आणि माणूस खरंच उठून गेलं तर? म्हणून कायदा झाला की जी जिवंत, तिचं नाव वाजवायचं नाही. चाचांचे वडील तबकडी वाजवायचे. जितीचं नाव यायच्या आत ते सुई उचलायचे आणि नेमकी पुढे ठेवायचे. मग चाचा ते करू लागले. बाया वयाप्रमाणे गायल्या होत्या, मेल्या मात्र आपापल्या मर्जीने. तिसरी आधी गेली, मग पहिली. बाई गेली की पुढच्या लग्नात तबकडी तेवढी लांब वाजायची. काशीबाईचं नाव भोंग्यातनं पहिल्यांदा निघालं तेव्हा तिचा मुलगा हातातलं ताट टाकून मांडवाबाहेर पळाला होता.

नावानंतरच्या थांब्यात तबकडी खरखरायची. म्हाताऱ्या म्हणायच्या, "उनी," म्हणजे आली, आणि हळदीचे तांदूळ टाकायच्या.

आता सातांतली एकच उरली आहे. तापीबाई, चुनीलाल पाटलांची आई. सर्वांत धाकटी म्हणून शेवटची गायलेली. मुंबईला गेली तेव्हा तेवीस वर्षांची होती, आता पंच्याऐंशीची आहे.

गेल्या साली एका लग्नात चाचांचा हात थरथरला. सुई उचलायला निमिषभर उशीर झाला आणि भोंग्यातनं "ता" एवढं निघून गेलं. एवढंच. दुसऱ्या दिवशी तापीबाई अंगणात पडली. सव्वा महिना खाटेवर होती. चाचांना कुणी शब्दाने बोललं नाही. पण त्यांनी स्वतःच पेटी माळ्यावर ठेवली.

यंदा चुनीलाल पाटलांच्या नातवाचं, योगेंद्रचं लग्न निघालं. योगेंद्रची आई प्रतिभा, घरची कारभारीण. तिचा फोन इरफानला आला.

"इरफानभाऊ, पहिलं गानं यंदा तू वाजाड. आज्जीनं नाव कापीसन. तुन्हा त्या डबडामा कापता येस ना?"

"वहिनी, डबडा नको म्हनू. सव्वा मिनटात कापस."

"मंग काप. पन याद ठेव, मन्ही सासूनी माय शे ती, मन्हावर नको आनू." मग जीभ चावून हसली. "सासूनी नही, सासरानी माय. दखं, आत्तेच डोकं फिरी गयं."

चाचांनी तबकडी दिली, पण सहज नाही. ती घडीभर मांडीवर ठेवून बसले. त्यांच्या दुरुस्तीच्या टपरीवर भर दुपार होती. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं.

"तापीबाईनं नाव काप," म्हणाले. "बाकी कशालेबी हात लावू नको."

"नही लावत."

"आपलामा हे मानत नहीत, इरफान. माले मालूम शे. पन वाजाडनं व्हई ते मानतस असं समजीसन वाजाडनं पडस."

घरी इरफानने खोलीचा दरवाजा लोटला, पंखा बंद केला, उसनी थाळी आणून तबकडी लॅपटॉपात उतरवली आणि कानाला हेडफोन लावून ऐकत बसला. सात बायांचा सूर कोवळा आणि थोडा बेसूर. नावं सुरू झाली. काशीबाईचं नाव आलं, थांबा आला, खरखर आली. त्याने ते मागे घेतलं. पुन्हा ऐकलं. खरखरीच्या तळाशी काहीतरी होतं. विहिरीत घागर बुडताना शेवटी जो आवाज येतो, तसं. चौथ्या वेळी त्याला शब्द लागला.

*उनू वो.*

आले गं.

त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. ठेवलेल्या हेडफोनमधनंही बारीक आवाज येत होता, तो ऐकू येऊ नये म्हणून त्याने बटण दाबलं. मग धीर करून बाकीची नावं ऐकली. सहा नावांपुढे सहा वेळा तेच, प्रत्येक वेळी वेगळ्या घशातनं. सातव्या, तापीबाईच्या नावापुढे मात्र काहीच नाही. थांबा कोरा.

इरफान यंत्रावरचा माणूस. त्याने डोकं चालवलं. जे भाग पन्नासेक वर्षं सुईखाली आले ते झिजले. झिजले म्हणून खरखरतात, आणि खरखरीत कान काहीही ऐकतो. तापीबाईचा भाग कधी वाजलाच नाही, म्हणून कोरा. त्याला स्वतःचाच अभिमान वाटला. बायको सबीहा चहा घेऊन आली, तिला त्याने हे समजावलं.

"तो फिर हेडफोन इतना दूर क्यूँ रखा है जी?" ती म्हणाली.

तापीबाईचं कडवं त्याने कापलं. तिथे थांबला असता तर बरं झालं असतं. पण मनात आलं, गाव साठ वर्षं खरखरीतनं ऐकतंय. आपण त्यांना असं ऐकवू की काल गायल्यासारखं वाटेल. लोक म्हणतील, जब्बारभाईंनी वाजवलं, पण ऐकवलं ते इरफानने. खरखर काढायची सोय त्याच्याकडे होतीच. त्याने नावांपुढचे सगळे थांबे धुऊन काढले. सहा थांबे काचेसारखे झाले.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी अकराला हळद. चैत्राचं ऊन असं की मांडवाचं कापड वास मारत होतं. नव्वद-शंभर माणूस. पुढे पाटावर योगेंद्र, अंगाला पंचा. त्याच्या उजवीकडे खुर्चीत तापीबाई, हातात तांदळाची वाटी. इरफानसाठी पाट मांडला होता. त्याच्या कपाळाला प्रतिभाने हळद लावली आणि म्हणाली, "वाजाडनारा, पाय मागं ले, तांदूळ तुडवशी." लोक हसले. इरफानला वाटलं, इथे जीव गेला तरी चालेल.

चाचाही आले होते. बोलावणं नव्हतं, तरी आले. निंबाच्या बुंध्याशी त्यांनी पेटी ठेवली आणि शेजारी बसले. इरफानने तबकडी परत दिली, ती त्यांनी गोणपाटासकट मांडीवर घेतली.

इरफानने बटण दाबलं.

आठ टॉपमधनं सात बाया अशा स्पष्ट आल्या की मागच्या रांगेतली माणसं उभी राहिली. कुणीतरी म्हणालं, "बापरे, आठेच उभ्या शेत जसं." इरफान सुखावला. पूर्वजांची नावं झाली. मग पहिली बाई, काशीबाई. तिचं नाव आलं.

थांबा आला.

त्यात काहीच नव्हतं. कापसाने कान बुजवल्यासारखी शांतता. म्हाताऱ्यांचे हात तांदूळ घेऊन वर गेलेले, ते वरच राहिले. दुसरं नाव. पुन्हा तसंच. तिसऱ्याला एका म्हातारीने हात खाली घेतला आणि तांदूळ वाटीत परत टाकले. सहाही नावं संपली तेव्हा मांडवात एक दाणा पडला नव्हता.

तापीबाई म्हणाली, "कोनीच उनं नही."

आवाज चढवून नव्हे. भाजीत मीठ नाही म्हणावं तसं.

"काकी, ते यंत्र शे ना—" चुनीलाल पाटलांचा भाऊबंद बोलू लागला.

"मी काय भैरी शे का? नाव लिधं, कोनी उनं नही. हळद कशी लावशात? कोन्हा समोर?"

योगेंद्र पाटावर बसलेला, हळदीची वाटी तशीच. ऊन चढत होतं. प्रतिभाने इरफानकडे असं पाहिलं की त्याने कपाळाची हळद पुसायला हात उचलला.

चाचांनी निंबाखालनं विचारलं, "धुई काढं का रे तू?"

इरफानने हो म्हणून मान हलवली.

"हात लावू नको सांगं व्हतं." त्यांनी गोणपाट उलगडलं, तबकडी थाळीवर ठेवली, सुईच्या दांडीला हात लावला. हात थरथरत होता. सगळ्यांना दिसत होता. त्यांनी तो मागे घेतला.

"तू बठ," म्हणाले.

"चाचा, मांडवमा मी सुई कधी धरेल नही."

"मीबी पहिलांदा धरेल नव्हती. बठ. चालू दे, नि तबकडीकडे दखत ऱ्हाय. वाजेल भाग मरेल शे, काळा. पुढे एक पट्टी चमकी, नवीन लोखंडगत. तठे तापीबाई शे. पट्टी सुईले लागाना पहिले उचल. मांगे नही, पुढे नही."

इरफान निंबाखाली उकिडवा बसला. त्याने सुई ठेवली. भोंगे खरखरले, बाया आल्या, दुरून, धुळीतनं. काशीबाईचं नाव झालं. खरखर आली. मांडवातनं एका म्हातारीचा आवाज आला, "उनी." तांदूळ पडले. त्यानंतर प्रत्येक नावाला तांदूळ पडत गेले. इरफानला ते ऐकू येत होतं, पण डोळे तबकडीवर. प्रत्येक खरखरीला मानेवर गार लागत होतं. वारा नव्हता. निंबाचं पान हलत नव्हतं.

सहावं नाव झालं. आणि ती पट्टी दिसली. खरंच नवीन लोखंडासारखी, बोटाएवढीही नाही, उन्हात फिरत होती. त्याने दांडीखाली बोट घातलं.

"इरफान," तापीबाई खुर्चीतनं म्हणाली. "ऱ्हाऊ दे."

"उचल," चाचा म्हणाले.

"ऱ्हाऊ दे भो. साठ वरीस व्हयनात. मन्हा आवाज मी एकदाबी आयकेल नही."

ही गोष्ट कुणाच्या ध्यानातच आली नव्हती. सगळ्यांनी तिला जपलं, तिचं नाव सुईखाली येऊ दिलं नाही, पण तेवीस वर्षांची तापीबाई कशी गात होती हे पंच्याऐंशीच्या तापीबाईला कुणी ऐकवलं नव्हतं. इरफानचं बोट दांडीला लागलेलं होतं. आयुष्यभर त्याने फर्माईश मोडली नव्हती. त्याने बोट काढून घेतलं.

भोंग्यातनं एक पोरगी निघाली. एक खरखर नाही, एक ओरखडा नाही. साठ वर्षं मांडवात न वाजलेला गळा त्या दुपारी असा ताजा आला की खुंट्याची गाय उठून उभी राहिली. पोरगी हसत हसत गात होती, समुद्र बघून आलेली.

*तापीबाई येजो माय, तापीबाई येजो.*

थांबा आला. कोरा, स्वच्छ.

खुर्चीतली तापीबाई म्हणाली, "उनू वो. उनू."

आणि हातातले तांदूळ तिने स्वतःच्याच डोक्यावर टाकले.

चुनीलाल पाटील, सत्तरीला टेकलेला माणूस, मुलासारखा ओरडला, "मन्ही माय जित्ती शे, इरफान! काय कयं तू हे!" प्रतिभाने सासऱ्यांचा हात धरला. तापीबाईच वैतागून म्हणाली, "आरडू नको. पोऱ्याले हळद लावा, वाळी चालनी ती." मग हळद लागली. चाचांनी तबकडी गुंडाळली, पेटी उचलली आणि इरफानकडे न बघता निघून गेले.

गावाने तेरा दिवस मोजले. तापीबाईला काही झालं नाही. पाय दुखायचे ते थांबले, दोन वेळा पोटभर जेवू लागली. पण काहीतरी सरकलं होतं. बाया तिच्या पाया पडताना चेहरा वर करीनात. घरातलं मांजर तिच्या खाटेखाली झोपायचं, ते झोपेना. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घराघरात गेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. तापीबाईने नातसुनेला सांगितलं, "मन्ही बी एक भर." प्रतिभाने रडत भरली. ती घागर इतरांच्या ओळीत ठेवली आणि दुपारी तापीबाई तिथलंच पाणी प्यायली.

आखाजीनंतर तिने इरफानला निरोप धाडला. नव्या लग्नांना नवं आवतण पाहिजे. आता गावातल्या नव्या सात बाया गातील, आणि शेवटी आपापलं नाव घेतील. तबकडी कोण करणार आता? इरफानच्याच यंत्रात राहू दे.

इरफान गेला. ओसरीवर सतरंजी, सात बाया, मध्ये माईक. प्रतिभाने पदर खोचला. "भाऊ, मन्हा आवाज गोड करजो, ढोलना गत नको." गाणं चांगलं झालं. स्वतःचं नाव घेताना एकेक जण लाजत होती, शेजारणीला चिमटे काढत होती. प्रत्येक नावापुढे त्याने त्यांना श्वासभर थांबायला लावलं. त्या थांब्यांत ओसरी गप्प होती. तो स्वतः होता तिथे, त्याने कान देऊन ऐकलं होतं. चिमणीसुद्धा नाही.

घरी येऊन त्याने ते उघडलं, पण ऐकलं नाही. फक्त पडद्यावर पाहिलं. त्याच्या धंद्यात आवाज डोळ्यांनीही दिसतो. बोललं की डोंगर, गप्प बसलं की सपाट रेघ. सात नावांचे सात डोंगर आणि त्यांच्यापुढे सात सपाट थांबे, असं असायला हवं होतं. सहा सपाट होते. एका नावापुढे रेघेवर बारीक उंचवटा होता. तांदळाच्या दाण्याएवढा.

कुठल्या नावापुढे, ते त्याने पाहिलं.

इथे झिजलेलं काही नव्हतं. आज सकाळचा आवाज. तो काढून टाकायची सोय बोटाखाली होती. त्याचं बोट तिथे गेलं आणि मांडवातले वर राहिलेले हात त्याला आठवले. त्याने लॅपटॉप मिटला.

"क्या दिखा?" सबीहाने विचारलं.

"कुछ नहीं."

भर उन्हात तो चालत चाचांच्या टपरीवर गेला. लग्नानंतर पहिल्यांदा. चाचा एका रेडिओच्या पोटात डोकं घालून बसले होते.

"चाचा, तुम्हले मालूम व्हतं का? पहिले कोन जाई, ते?"

चाचांनी डोकं वर केलं नाही. पेचकसाने एक स्क्रू फिरवला.

"मन्हा अब्बाले मालूम व्हतं," म्हणाले. "जितीनं नाव ते मांडवमा वाजाडेत नही. पन सुई कठे उचलनी नि पुढे कठे ठेवनी ते शिकाले घरमा रोज आयकनं पडे, शेवटनी तापीबाईनी पट्टी सोडीसन. मीबी आयके. कोन्हा थांबा कधी भरना, ते आम्हले मालूम पडे."

"कोनले सांगेत?"

"कोनलेच नही. त्या बाया समोर येत, पानीना गडू देत, हासी बोलेत. आपनबी हासी बोलनं."

इरफानच्या तोंडाशी नाव आलं होतं. चाचांनी तेवढ्यात हात वर केला.

"सांगू नको. माले बी नको."

मग ते बाकावर थोडे सरकले. अर्धा बाक मोकळा झाला. इरफान तिथे बसला. रस्त्यावर ऊन होतं. इरफानच्या खिशातला फोन वाजायला लागला. आमोदखेड्याहून, प्रतिभाचा होता. गाणं कसं झालं, विचारायला.

त्याने घेतला. "एक नंबर, वहिनी," तो हसत म्हणाला. "एक नंबर व्हयनं."